गोजराचा रुसवा

"आमच्या घरात मुका-बहिरा कोनी नाय, म्याडम," धर्मराज तांडेल दाराच्या चौकटीत उभा राहून म्हणाला. "पुढचा घर बघा."

त्याच्यापासून चार हातांवर, ओटीवर, त्याची आई सुपात जवळा निवडत बसली होती. गोजरा तिचं नाव. गेल्या अडीच वर्षांत तिच्या तोंडून घरातल्या कुणाशी एक धड वाक्य निघालं नव्हतं, आणि हे करावे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

फॉर्म घेऊन आलेली मुलगी नेरूळच्या सेक्टरात राहणारी होती. क्षिप्रा नावाची. मुंबईच्या एका संस्थेत तिनं वाचा आणि श्रवण यांचं शिक्षण घेतलं होतं आणि तिथंच ती संशोधनाला लागली होती. खाडीकाठच्या गावांत किती जणांना ऐकू येत नाही, किती मुलं उशिरा बोलतात, किती मोठ्या माणसांची वाचा आजारानं गेली, याची पाहणी करत ती सकाळपासून दारोदार हिंडत होती. तिनं म्हातारीकडे पाहिलं.

"आजी बोलतात ना नीट?"

"बोलते म्हंजे? आख्ख्या गावाची तोंडा बंद करील एवढी हाय. तिला काय झालेला नाय. रुसली हाय माझ्यावर."

"रुसल्यात? कधीपासून?"

धर्मराजनं पुढच्या घराकडे बोट दाखवलं. त्याच्या मुलाचं, दिपेशचं लग्न जमत होतं. उरणकडची मंडळी घर बघायला यायची होती, आणि नेमक्या अशा वेळी छापील कागदावर घरातल्या बाईचं नाव 'मुकी' म्हणून चढवून घेणारा बाप करावे गावात सोडाच, साऱ्या पंचक्रोशीत सापडला नसता. मुलीकडचे म्हणायचे, रक्तातच आहे, उद्या नातवंडंही तशीच निघतील. क्षिप्रानं 'नाही'च्या चौकटीत खूण केली आणि जाता जाता सवयीनं सगळीकडे सांगायची ते सांगितलं. "आजारानंतर कधी कधी माणसाचं बोलणं जातं, पण कळत सगळं असतं. असं कुणी शेजारीपाजारी असेल तर गावदेवीच्या देवळात पाठवा. मी गुरुवारी तिथं असते."

गोजराचे हात सुपातच थांबले. बोलणं जातं, पण कळत सगळं असतं. हे दुसऱ्या कुणालाही होऊ शकतं, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. आपल्याला काय झालं आहे ते तिनं आपल्यापुरतं केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिला तिचीच शपथ लागली होती.

ती शपथ समजायची तर आधी गोजरा काय होती ते समजायला हवं. सारसोळ्याहून पंधराव्या वर्षी ती भगवान तांडेलच्या घरात आली. नवरा शेतावर नाहीतर खाडीत. ही चिखलात गुडघाभर उतरून निवट्या मासे धरायची आणि संध्याकाळी पाय धुऊन चुलतसासूपाशी धवले शिकायला बसायची. चुलतसासू धवलारीण होती. आगरी लग्नातली धवलारीण म्हणजे काय, हे सेक्टरातल्या फ्लॅटवाल्यांना थोडक्यात सांगायचं तर, ती गाते आणि लग्न लागतं. मांडवात पाटावर बसून ती देवांना बोलावते, हळद लावते, पाणी घालते, आणि प्रत्येक पायरीचं गाणं वेगळं. गाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायची जागा ठरलेली असते. तिथं धवलारणीनं नाव घेतलं की मगच पुढचा विधी. म्हातारी वारल्यावर तो पाट गोजराकडे आला आणि चाळीस वर्षं तिनं तो कुणाला हलवू दिला नाही. गावातल्या अर्ध्या लोकांची लग्नं तिनं लावलेली. धर्माचंसुद्धा. नवऱ्याच्या आईनं गायचं नसतं, असं चारचौघी म्हणत असताना तिनं स्वतःच्या पोराचा धवला स्वतः म्हटला होता आणि त्याचं नाव घेताना आवाज इतका चढवला होता, की शेजारची शेवंताबाई, जी तिच्या मागं झील धरायची, ती गायची थांबून हसत सुटली होती.

बोलायलाही बाई तशीच. जिभेला हाड नाही म्हणतात त्यातली. ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अशी काही नावं ठेवायची, की माणूस हसावं की भांडावं या विचारातच पुढे निघून जायचा. नवरा गेला, पुढे जमिनी गेल्या, मिठागरांच्या जागी इमारती आल्या. धर्मा त्या इमारतींना रेती-विटा पुरवू लागला, त्याच्या मनगटावर घड्याळ आणि गळ्यात चेन आली. तरी घरात शब्द चालायचा तो गोजराचा. सून पुतळा मीठ किती घालायचं तेसुद्धा विचारून घालायची.

आणि मग चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात नातीचं, नमिताचं लग्न आलं.

"हॉल घेतलाय वाशीला," धर्मा जेवता जेवता म्हणाला. "भटजी ठरवलाय. ब्यान्ड हाय."

"आन धवला?"

"हॉलमदी धवला कनाला, आये? नवऱ्याकडची लोका शिकलेली हाईत. हसतील."

"कोनाला हसतील?"

धर्मानं मान वर केली नाही. "तू पुढं खुर्चीवर बस ना. पावन्यांसारखी."

पाहुण्यांसारखी! ज्या बाईनं गाव उजवलं, तिनं स्वतःच्या नातीच्या लग्नात पाहुण्यांसारखं खुर्चीवर बसायचं. गोजरा ताटावरून उठली. तिचा राग गावाला माहीत होता, पण त्या दिवशी ती ओरडली नाही, आणि तेच वाईट झालं. गावदेवीच्या दिशेला हात जोडून ती शांतपणे म्हणाली, "आजपासून तुझ्याशी एक शबुद बोलले, तर भगवान तांडेलची बायको नाय मी."

राग रात्रीपुरताच होता. आपल्या रागाचं आयुष्य तिला ठाऊक होतं. सकाळी चहा घेताना पहिली शिवी आपणच घालायची आणि मिटवून टाकायचं, असं ठरवून ती झोपली.

सकाळी उठायला गेली तर उजवा हात अंगाखालून निघेना. तोंड वाकडं झालं होतं. तिनं धर्माला हाक मारली. म्हणजे मारायला गेली. धर्मा समोर दिसत होता, नाव डोक्यात लख्ख होतं, आणि तोंडातून भलताच घोगरा आवाज आला. बेलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, अंगावरून वारं गेलंय, ब्लडप्रेशरचा झटका आहे, गोळ्या चालू ठेवा, सुधारेल हळूहळू. आणि खरंच सुधारलं. आठ दिवसांत तोंड सरळ झालं. हात हलायला लागला. लोक म्हणाले, देवीनं राखली. फक्त बोलणं परत आलं नाही.

आता कुणीही म्हणेल, घरच्यांना एवढं कळू नये? नाही कळलं. हात गेला होता तो आला, तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं. मग जीभच तेवढी कुठं अडकली? आणि ती शपथ तर सगळ्या घरानं ऐकलेली. धर्मानं दोन आणि दोन चार केले: माझ्यावरचा राग ती साऱ्या गावावर काढतेय. आपण तिच्या जागी असतो तर आपणही असंच केलं असतं, हे त्याला मनातून माहीत होतं. हट्ट त्यानं तिच्याकडूनच घेतला होता.

तरी तो एकदा आला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, तो तिच्या खाटेपाशी उकिडवा बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आये, बोलशील ना माझ्याशी?"

गोजराच्या छातीत एवढं भरून आलं, की तिला सगळं एकदम सांगायचं होतं. हो रे, हो पोरा, मी कशाला रुसू? तिनं तोंड उघडलं.

"नाय," ती म्हणाली.

स्वच्छ, ठणठणीत. त्या आठ दिवसांतला तिचा पहिला नीट शब्द. तो ऐकून तिचाच जीव दचकला. तसं नव्हे म्हणून तिनं जोरजोरात मान हलवली, पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा तेच निघालं. "नाय. नाय." तोवर धर्मा उठला होता. त्याचा चेहरा तिला दिसलासुद्धा नाही, फक्त पाठ दिसली.

त्यानंतर त्यानं विचारलं नाही. विचारणार तरी काय? एका छपराखाली राहून मायलेकांनी एकमेकांपासून अंग चोरायला सुरुवात केली. तो बोलायचा ते पुतळामार्फत. "आयशीला सांग, गोळ्या संपल्या तर आधी सांगत जा." ती आत बसून ऐकायची. पहिल्या पहिल्यांदा तिनं पुष्कळ खटपट केली. पण मनात एक असायचं आणि तोंडातून 'नाय' यायचं नाहीतर निव्वळ बरळणं. धर्माला ते मुद्दाम वेडावणं वाटायचं, आणि गल्लीतली पोरं तिच्यासारखं बरळून दाखवायची. चाळीस वर्षं मांडव गाजवलेली बाई ती. तिनं तोंड मिटलं ते मिटलं. धर्माच्या ताटात ती सुरमईचे चांगले तुकडे वाढायची. तो खायचा, पण वर बघायचा नाही. एकदा तो तापानं पडला तेव्हा ती रात्रभर त्याच्या कपाळावर हात ठेवून बसली. सकाळी तो पुतळाला म्हणाला, "हात ठेवते, पन एक शबुद नाय काढत. बघ कसली हाय ती." हे ऐकल्यावर गोजरा मागच्या दारी जाऊन रडली.

गावदेवीला ती काय काय नवस बोलली, तेही मनातल्या मनातच. देवीनं आपला शब्द खरा धरला असं तिला वाटत होतं. बोलणार नाही म्हणालीस ना? मग नको बोलूस.

याच्यावर कडी झाली ती पोपटच्या मांडवात. शेजारच्या पोपटच्या मुलाचं, जितेशचं लग्न होतं. ते गावातच होतं आणि पोपटला भटजीबरोबर धवलाही हवा होता. शेवंताबाई एकटी गायला बसली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळली. गोजरा मागं बायकांत बसली होती. तिला ती अडखळ सहन झाली नाही. कुणी काही म्हणायच्या आत पुढची ओळ तिच्या गळ्यातून निघाली, मग त्याच्या पुढची. सूर तोच, शब्द जिथल्या तिथं, एकही कमी नाही. मांडव गार पडला. मुकी झालेली गोजरा धडधडीत गात होती. तिला स्वतःलाच खरं वाटेना. बोलायला गेलं की दगड होणारी जीभ गाण्यात पाण्यासारखी चालत होती. शेवंताबाईनं रडत रडत तिला पाटावर ओढून बसवलं.

मांडवाचे दारी गो, कोन उभा राहिला,
कुलीचा गो दिवा, धर्मा नवरा पाहिला.

एक बाई फिसकन हसली. नवरा जितेश होता. शेवंताबाईनं कोपरानं ढोसलं, कानात नाव सांगितलं. गोजराला चूक कळली होती. तिनं ओळ पुन्हा घेतली, आणि नावाच्या जागी पुन्हा धर्माच आला. तिसऱ्यांदाही. पाठ झालेलं सगळं येत होतं, नवं नाव तेवढं येत नव्हतं, आणि त्या जागेवर पंचवीस वर्षांपूर्वी आवाज चढवून घेतलेलं नाव आपोआप येऊन बसत होतं. नवऱ्याची आई चिडली. भर मांडवात माझ्या पोराच्या जागी दुसऱ्याच बाप्याचं नाव घेते, हा कसला अपशकुन! धर्मा तिथंच, पुरुषांत उभा होता. चार टाळकी त्याच्याकडे बघून हसली.

घरी आल्यावर तो पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलला. "गायला जीभ हाय. बोलायला नाय. माझा बाजार मांडलास आज गावात." एवढंच. गोजराला पुन्हा कुणी मांडवात बोलावलं नाही, आणि घरात जी थोडीफार शंका उरली होती तीही मिटली. जी गाऊ शकते ती बोलू शकत नाही, हे कोण मानेल?

म्हणून त्या गुरुवारी गोजरा देवळात गेली तेव्हा कुणाला सांगून गेली नाही. सांगणार तरी कशी म्हणा. शाळेतल्या पोरांचे कान तपासायला रांग लावली होती. कमरेएवढ्या पोरांच्या रांगेत बासष्ट वर्षांची म्हातारी नऊवारीचा ओचा सावरून उभी राहिली. पोरं खिदळली, पण ती हलली नाही.

"आजी, ऐकायला कमी येतं का?" क्षिप्रानं विचारलं.

गोजरानं नाही म्हणून मान हलवली. मग डोळे मिटून तिनं धवला सुरू केला.

ती मुलगी शहाणी होती. तिनं मधेच थांबवलं नाही, हसलीही नाही. गाणं संपल्यावर तिनं पिशवीतून चित्रांचे पत्ते काढून मांडले. मासा, छत्री, होडी, भाकरी, कुलूप. "होडी कुठंय?" गोजरानं बोट ठेवलं. "कुलूप?" बरोबर. "आता हे काय आहे, तुम्ही सांगा." गोजराचे ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. काही आलं नाही. जन्मभर जो खाल्ला आणि विकला त्या माशाचं नाव तिला आलं नाही, आणि घाम आला.

"झटका आला होता ना, आजी? उजवा हात गेला होता?"

गोजरा तिच्याकडे बघतच राहिली.

"मेंदूत बोलायची एक जागा असते. तिला मार बसला की बोलणं जातं. पाठ झालेलं गाणं दुसऱ्या बाजूनं येतं, म्हणून ते राहतं. यात तुमची काही चूक नाही. कुणाचीच नाही."

शपथ नव्हती तर. देवी नव्हती. गोजरानं पदर तोंडावर घेतला आणि पोरांच्या समोर ती हमसाहमशी रडली. क्षिप्रानं मागच्या आठवड्याचा कागद शोधून काढला, तांडेलांच्या घरापुढची 'नाही'ची खूण खोडली आणि नवी ओळ लिहिली.

मग ती गुरुवारमागून गुरुवार शिकवायला लागली. गोजराचा डावा हात हातात घेऊन ती मांडीवर ताल धरायची आणि धवल्याच्याच चालीवर छोटं वाक्य म्हणायची. कुठलं वाक्य शिकायचं, हे खुणांनी विचारत विचारत तिनं गोजराकडूनच काढून घेतलं होतं. धर्मा, जेवाला ये. बस, एवढंच. हे म्हटलं की तो ओळखेल, असं गोजराला वाटत होतं. रागावलेली आई जेवायला हाक मारत नाही. चौथ्या गुरुवारी, चाल थांबल्यावरही, तिच्या तोंडातून एक शब्द सुटा निघाला. "धर्मा." ती इतकी हरखली, की तिनं टाळ्याच वाजवल्या. पण पुढचं 'जेवाला ये' काही केल्या येईना. उलट आता प्रत्येक गोष्टीला तेच यायला लागलं. छत्रीला धर्मा, भाकरीला धर्मा. क्षिप्रा म्हणाली, असं होतं कधी कधी, एक शब्द जिभेवर बसतो.

खरं तर त्या एका शब्दानिशीही तिनं घरी जायला हवं होतं. पण गोजरा हाडाची धवलारीण, अर्धवट बसलेलं गाणं तिनं कधी मांडवात नेलं नव्हतं. पुरं वाक्य बसू दे, मग जाईन, असं म्हणत तिनं आणखी तीन आठवडे घालवले. घरी ती तोंड मिटूनच राहिली.

क्षिप्रा मधे एकदा धर्माला गाठून आली होती. त्याच्या रेतीच्या ढिगाऱ्यापाशी उभं राहून तिनं सगळं समजावलं. तो ऐकत होता, पण मानत नव्हता. मानलं असतं तर या अडीच वर्षांचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्या समोर उभा राहिला असता. "म्याडम, आख्खा धवला म्हनते ती," तो म्हणाला. "तुम्ही सेक्टरवाले. तुमाला आमची मानसा कललीच नाय." आणि ट्रक आला म्हणून निघून गेला.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी तो देवळात शिरला तो भांडायलाच. उरणकडच्या मंडळींना कुणीतरी कळवलं होतं, की मुलाच्या आजीचं नाव मुक्यांच्या यादीत आहे. त्यांचा निरोप आला होता.

"माझ्या आयशीचा नाव खोडा," तो चपला न काढताच म्हणाला. पुजाऱ्यानं ओरडल्यावर मागं जाऊन त्या काढल्या आणि पुन्हा म्हणाला, "आताच्या आता खोडा."

गोजरा पत्त्यांसमोर बसली होती. त्याला बघून ती उठायला गेली, पण क्षिप्रानं तिचा हात धरला. ती मुलगीही आता चिडली होती. "खोडते," ती म्हणाली. "तुम्ही इथं बसा. ही चित्रं तुम्हीच दाखवा. यातलं एक जरी त्यांनी बरोबर सांगितलं, तरी तुमच्यासमोर नाव खोडते."

धर्मा बसला. त्याची खात्री होती. त्यानं पहिला पत्ता उचलून आईसमोर धरला. मासा.

"बोल. काय हाय ह्या?"

गोजरानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. अडीच वर्षांनी तो तिच्याकडे सरळ बघत होता. तिला नाव माहीत होतं. तिनं सगळा जीव गोळा केला.

"धर्मा," ती म्हणाली.

त्याचा चेहरा लाल झाला. त्याला वाटलं, झालं सुरू मांडवातलं. "मासा हाय मासा! नीट बोल." त्यानं होडी दाखवली. "धर्मा." कुलूप. "धर्मा." त्यानं पत्ते फेकले आणि खिशातून ट्रकच्या किल्ल्या काढून तिच्यासमोर हलवल्या. "धर्मा." देवळाच्या घंटेकडे बोट केलं, दाराशी निजलेल्या कुत्र्याकडे केलं. गोजराला प्रत्येक वेळी चूक कळत होती. ती कपाळावर हात मारून घेत होती, मान हलवत होती, पुन्हा तोंड उघडत होती, आणि पुन्हा तेच येत होतं. तिच्या नाकाखाली घाम साचला होता.

धर्माचा हात खाली आला. सोंग करणारा माणूस कसा दिसतो ते त्याला माहीत होतं. कंत्राटदारांत रोजच ते बघायचा. हे सोंग नव्हतं. त्याला पोपटचा मांडव आठवला, चार टाळक्यांचं हसणं आठवलं, आणि आपण घरी येऊन काय बोललो तेही. त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"आन मी? मी कोन, आये?"

"धर्मा," गोजरा म्हणाली.

मग क्षिप्रानं, दिल्या शब्दाला जागणारी मुलगी ती, यादी पुढं ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. "हे एक बरोबर आलं," ती म्हणाली. "नाव खोडते."

"नको," धर्मा म्हणाला. "ऱ्हाऊ द्या."

"पण मुलाचं लग्न..."

"ऱ्हाऊ द्या म्हनतो ना, म्याडम. खरा हाय ते लिवलेला."

तो गुडघ्यांवर सरकत आईजवळ आला. हे कळायला त्याला दोन वर्षं आणि सात महिने लागले होते. तिच्या हाताशी त्यानंतर चारच महिने उरले होते. शिमग्याला दुसरा झटका आला तेव्हा तो तिच्या उशाशी होता, पण ते पुढचं. त्या गुरुवारी गोजराला एवढंच दिसत होतं, की पंचेचाळीस वर्षांचा तिचा पोर देवळाच्या फरशीवर बसून लहानपणी रडायचा तसा, वरचा ओठ दाताखाली धरून रडतो आहे. रडू नको म्हणायचं होतं तिला. जेवलास का, विचारायचं होतं. भाकरी झाकून ठेवली आहे, हे सांगायचं होतं. यातलं काहीही आता आयुष्यात आपल्याला सांगता यायचं नाही, हे तिला त्या क्षणी नीट कळलं, आणि ती डाव्या हातानं त्याचं तोंड पुसत राहिली.

धर्मानं तो हात धरला. नमिताच्या लग्नाच्या आदल्या दिवशी विचारलं होतं तेच, त्याच खालच्या आवाजात, त्यानं पुन्हा विचारलं.

"आये, बोलशील ना माझ्याशी?"

गोजरानं जोरात मान हलवली, हो, हो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसत होता.

"नाय," ती म्हणाली.

"बरा," धर्मा म्हणाला, आणि त्यानं तिच्या मांडीवर डोकं टेकलं.